अंग वर बांधायचं, पण काय वाचवून?

डोंबिवली किंवा कल्याण स्टेशनबाहेर पडलात की ‘दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया’ अशा पाट्या दिसतात. गर्भाशय खाली सरकणं, म्हणजे आपल्या आयाबायांच्या भाषेत ‘अंग बाहेर येणं’, यावरही आता तशी शस्त्रक्रिया होते. नव्या शोधनिबंधांत तिला ‘नसा राखून केलेली’ असंही म्हणतात. हा विषय घेतलात तर तुम्ही आधी गेल्या दहा वर्षांतलंच वाचायला घ्याल. त्याआधी लोकल पकडा आणि भायखळ्याला उतरा.

तिथल्या ग्रँट मेडिकल कॉलेजात डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर शिकवत. जन्म १८९९ चा, गोव्यातल्या शिरोड्याचा. जगाला ते माहीत आहेत गर्भाशयमुखाच्या टाक्यामुळे. तो निबंध १९५५ चा. पण अंग बाहेर येण्यावरचं त्यांचं कामही तितकंच वाचण्यासारखं आहे. मँचेस्टर पद्धतीत गर्भाशयमुखाचा भाग कापत. मूल हवं असलेल्या तरुण बाईला ते महागात पडे: गर्भ राहायला अडचण, राहिलाच तर अवेळी पडण्याची भीती. शिरोडकरांनी मुख न कापता ते वर बांधायची वाट शोधली. गर्भाशयमुखाच्या मागे पट्टी शिवायची आणि तिची टोकं त्रिकास्थीच्या वरच्या कडेला अडकवायची. उजवीकडून सरळ जाता येतं. डावीकडे मोठं आतडं आड येतं, म्हणून तिथे सोअस स्नायूवर एक फास करून पट्टी त्यातून न्यायची.

आता शरीररचनेचं पुस्तक उघडा. त्याच स्नायूवरून जेनिटोफेमोरल नस खाली उतरते. म्हणजे आतडं वाचवायला जावं, तर सुई नसेजवळ! शिवाय त्रिकास्थीच्या त्या कडेसमोरच मूत्राशय आणि मोठ्या आतड्याकडे जाणाऱ्या नसांचं जाळं असतं.

१९९४ मध्ये अमेरिकेत नेझत आणि सहकाऱ्यांनी योनीचा वरचा भाग त्याच कडेला बांधण्याची शस्त्रक्रिया दुर्बिणीतून केल्याचं प्रसिद्ध केलं. पोटावरची जखम लहान झाली. कडा तीच, नसाही त्याच. ‘कमी चिरफाड’ आणि ‘नसा राखणं’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि माझ्या मते या विषयावर वाचताना सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. २०११ मध्ये जर्मनीत बॅनर्जी आणि नोए यांनी ती कडा सोडून जांघेजवळच्या अस्थिबंधाला पट्टी बांधली. बदल झाला तो खुंटीत.

खुंटी बदलणं मुंबईला नवं नव्हतं. डॉ. बी. एन. पुरंदरे यांच्या पद्धतीत पट्टी पुढून जाते, पोटाच्या स्नायूंच्या आवरणाला. त्रिकास्थीकडे फिरकावंच लागत नाही. पण गर्भाशयमुख पुढे ओढलं जातं, मागची पोकळी मोकळी राहते आणि आतडं तिथून खाली उतरू शकतं. फुकटात काही नाही.

ठाणे-कल्याणमध्ये मुलाखती घ्यायला जाणार असाल तर प्रश्नावलीत ‘प्रोलॅप्स’ लिहू नका. ‘अंग बाहेर येतं का?’ असं विचारा. मग ‘लघवी पूर्ण होते का? शौचाला त्रास होतो का?’ हे शस्त्रक्रियेआधी आणि नंतर, दोन्ही वेळा विचारा. अंग खाली आल्यानेही लघवी अडते. आधीची नोंद नसेल तर नंतरचा त्रास नसेचा की मूळचा, हे सांगता येणार नाही.