कागदी फुलांच्या मागची नोंद

कागदाच्या पट्ट्या गुंडाळून नक्षी करणं, म्हणजे आजचं क्विलिंग, १८व्या शतकात इंग्लंडमधल्या सधन घरांतल्या बायकांचा आवडता छंद होता. त्याच काळात मेरी डिलेनी यांनी वयाच्या ७२व्या वर्षी वेगळी वाट धरली. खरं फूल समोर ठेवून त्या पाकळ्या, पुंकेसर रंगीत कागदातून कापायच्या आणि काळ्या कागदावर चिकटवायच्या. नजर अधू होईपर्यंत, साधारण दहा वर्षांत, जवळजवळ १००० फुलं झाली. मागच्या बाजूला त्या वनस्पतीचं नाव, तारीख, ठिकाण, रोप कुणी दिलं, हेही लिहायच्या. म्हणून ब्रिटिश म्युझियममधली ही फुलं आज अभ्यासालाही उपयोगी पडतात.

पीएचडीच्या पहिल्या वर्षी लेबल न लावलेले माझे नमुने मात्र मला फेकून द्यावे लागले. तेव्हा नमुना हातात आला की आधी लेबल लिहा!