वारल्यांचा चौक आणि जादूगाराचें गुपित

झांकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण अक्षरशः खरी ठरते ती जादूगाराच्या धंद्यांत. प्रेक्षक पैसे मोजतो ते मुठींत काय आहे हें न कळण्यासाठींच. मूठ उघडली कीं खेळ संपला. म्हणून जादूगारांनीं आपलीं मंडळें स्थापिलीं, शपथा घेतल्या; लंडनचें ‘मॅजिक सर्कल’ १९०५ सालापासून हेंच व्रत पाळीत आलें आहे. परंतु राखावयाचें तें राखावें कसें, हा प्रश्न रंगभूमीपुरता नाहीं. पालघर जिल्ह्यांतील डहाणू आणि तलासरी या तालुक्यांत राहणाऱ्या वारली लोकांपुढें तो अधिक बिकट रूपानें उभा राहिला. त्यांची झांकली मूठ म्हणजे लग्नाचा चौक.

घरांत लग्न निघालें म्हणजे कुडाची भिंत शेणामातीनें सारवून तिला गेरूचा हात देतात. तांदुळाचें पीठ पाण्यांत कालवून, बांबूच्या काडीचें टोंक चावून मऊ करून, त्या काडीनें भिंतीवर पांढरा चौक लिहितात. त्याच्या मध्यभागीं पालघट देवी. जवळच्या लहान चौकांत पंचशिऱ्या देव. हें लिहिण्याचा मान सवासिनींचा, आणि गाणीं म्हणून लग्न लावण्याचा अधिकार धवलेरीचा. चौकावांचून लग्न लागत नाहीं. वर्तुळ, त्रिकोण आणि चौकोन यांत लपवून ठेवण्यासारखें कांहीं नाहीं. त्या आकृति कोणासही काढतां येतात. वारल्यांनीं राखलें होतें तें कसब नव्हे, तर अधिकार : चौक कोणीं लिहावा, केव्हां लिहावा आणि कशासाठीं लिहावा.

या लग्नाची किंमत वारल्यांनीं फार जबर दिलेली आहे. लग्नासाठीं सावकाराकडून कर्ज काढावें आणि तें फिटेपर्यंत नवराबायकोनें त्याच्या घरीं व शेतावर राबत राहावें, अशी रीत होती. अशा कर्जांत बांधल्या गेलेल्यांस ‘लग्नगडी’ म्हणत. मे १९४५ मध्यें आजच्या तलासरी तालुक्यांतील झरी येथें वारल्यांची परिषद भरली. शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या पुढारीपणाखालीं उभ्या राहिलेल्या त्या लढ्यानें वेठ आणि लग्नगड्यांची पद्धत मोडून काढली. चौकापुढें लग्न लागावें आणि तेथूनच दास्यास आरंभ व्हावा, ही दशा संपली.

त्यानंतर पंचवीस-तीस वर्षांनीं बाहेरचें जग या भिंतीपाशीं येऊन पोंचलें. १९७० नंतरच्या कांहीं वर्षांत चित्रकार भास्कर कुलकर्णी यांनीं येथील माणसांच्या हातीं कागद दिला. तलासरी तालुक्यांतील धामणगांवीं जन्मलेले आणि डहाणू तालुक्यांत गंजाडजवळच्या कळंबीपाड्यांत राहिलेले जिव्या सोमा मशे हे त्यांतील अग्रणी. लग्न नसतां, आणि तेंही एका पुरुषानें, नित्य चित्रें काढावीं ही गोष्ट नवी होती. तारप्याचा नाच, मासे धरण्याचें जाळें, शेतांतील कामें हे विषय कागदावर उतरले. मशे यांस १९७६ सालीं राष्ट्रीय पुरस्कार व २०११ सालीं पद्मश्री मिळाली. २०१८ सालीं ते निवर्तले. त्यांच्या मागोमाग अनेक तरुण या कामास लागले आणि पाड्यांवर चार पैसे आले. यांत वाईट कांहींच नव्हतें. वाईट झालें तें पुढें. त्याच आकृति साड्या, पेले आणि पडदे यांवर दूरच्या शहरांत यंत्रानें छापल्या जाऊं लागल्या, आणि त्या विक्रीचा वांटा पाड्यास देण्याचें बंधन कोणावरच नव्हतें.

मग कायद्याचा आश्रय घ्यावा काय ? येथें एका जादूगाराचा अनुभव उपयोगी पडेल. बाईस पेटींत घालून करवतीनें कापण्याचा खेळ सेल्बिट यानें १९२१ सालीं लंडनमध्यें करून दाखविला. अमेरिकेंत होरेस गोल्डिन यानें आपल्या तऱ्हेच्या खेळाचें १९२३ सालीं पेटंट घेतलें. परंतु पेटंटाची अट अशी कीं, युक्ति आकृतींसह लिहून द्यावी लागते आणि तो कागद कोणासही पाहतां येतो. १९३३ सालीं रेनॉल्ड्स कंपनीनें सिगारेटच्या जाहिरातींत ही युक्ति फोडली. गोल्डिन न्यायालयांत गेला. १९३८ सालीं त्याचा दावा फेटाळला गेला, कारण गुपित त्यानें स्वतःच पेटंटांत उघड केलें होतें. ज्या कुलपावर त्यानें भिस्त ठेवली, त्याची किल्ली सरकारी दप्तरांत सर्वांसाठीं टांगलेली होती.

वारल्यांची स्थिति थोडी निराळी. ग्रंथस्वामित्वाचा कायदा एका कर्त्यास ओळखतो. पिढ्यान्‌पिढ्यांच्या सवासिनींस ओळखत नाहीं. म्हणून १९९९ च्या भौगोलिक निर्देशांच्या कायद्याखालीं २०१४ सालीं वारली चित्रकलेची नोंद झाली. त्यामुळें ‘वारली’ हें नांव मालावर कोणी लावावें यास मर्यादा आली. ही जोड मोठी आहे. मात्र तो कायदा मालाचा आहे. डहाणू-घोलवडच्या चिकूसही त्याच कायद्यानें २०१६ सालीं संरक्षण मिळालें. बाजारांत जाणाऱ्या वस्तूचें नांव तो राखतो. जें बाजारांत जाऊंच नये असें लोकांस वाटतें, तें राखण्याचा उपाय त्याच्यापाशीं नाहीं.

तें काम अजूनही सवासिनींकडेच आहे. विकण्याचें चित्र निराळें आणि लग्नाचा चौक निराळा, हा विवेक त्यांच्या हातीं आहे तोंवर कारखान्यानें हजार पेले छापले तरी एकाही पेल्यापुढें लग्न लागणार नाहीं. शहरांतील गृहस्थांकडून अपेक्षा एवढीच कीं, भिंतीवर लावण्यास चित्र घेतांना तें कोणत्या पाड्यावरील कोणाच्या हातचें आहे हें विचारावें, मोल त्या हातास पोंचेल असें पाहावें, आणि देवीचा चौक मागूं नये. जादूगारानें मूठ उघडावी असा हट्ट चांगला प्रेक्षकही धरीत नाहीं.