सालबर्डीचा गरम पाण्याचा झरा : जायचं असेल तर आधी कुणाला विचारायचं?

गरम पाण्याचे झरे म्हटलं की वज्रेश्वरी, गणेशपुरी किंवा राजापूरचं उन्हाळे आठवतं. पण तिवसा, मोर्शी, वरूडकडच्या लोकांना त्यासाठी कोकणात जायची गरज नाही. मोर्शीपासून साधारण ८ किलोमीटरवर, सातपुड्याच्या पायथ्याशी सालबर्डीला असा झरा आहे. प्रश्न अंतराचा नाही, हद्दीचा आहे.

पाणी गरम कशामुळे?

ज्वालामुखीमुळे नाही. विदर्भातला काळा दगड सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे आणि तो कधीच थंड झालाय. सालबर्डी गाविलगड भ्रंशाच्या पट्ट्यात येतं. भ्रंश म्हणजे खडकातली लांब आणि खोल तड. पावसाचं पाणी अशा तडीतून खाली मुरतं. जमिनीखाली दर किलोमीटरला तापमान साधारण २५ ते ३० अंशांनी वाढतं. खोलवर तापलेलं हे पाणी दाबामुळे पुन्हा वर येतं.

हद्दीचा घोळ काय आहे?

सालबर्डीचा काही भाग अमरावती जिल्ह्यातल्या मोर्शी तालुक्यात, तर काही भाग मध्य प्रदेशातल्या बैतूल जिल्ह्यात आहे. इथल्या गुहेत महादेवाचं स्थान आहे आणि महाशिवरात्रीला मोठी यात्रा भरते. यात्रेची गर्दी पाहून अनेकांना वाटतं, इथे वर्षभर कुठेही फिरता येतं.

तसं नाही. आजूबाजूला जंगल आहे. राखीव जंगलात परवानगीशिवाय शिरणं हा भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ नुसार गुन्हा आहे. शिवाय महाराष्ट्राच्या वन विभागाची परवानगी मध्य प्रदेशात चालत नाही आणि तिकडची इकडे चालत नाही. मॅपवर ठिकाण दिसतं किंवा कुणी रील टाकली, म्हणजे वाट खुली आहे असं होत नाही.

निघण्याआधी काय करायचं?

- ज्या बाजूने जाणार, तिथल्या ग्रामपंचायतीत आणि वन परिक्षेत्र कार्यालयात विचारा. वाट कुणाच्या जमिनीतून जाते, तेही विचारा.
- वाट शेतातून जात असेल तर मालकाला सांगूनच पुढे जा.
- पावसाळ्यात जाणं टाळा. डोंगरातल्या नद्यांना वर पाऊस पडला की खाली अचानक पूर येतो.
- अंधार पडायच्या आत परत फिरा.

पाण्यात उतरायचं का?

आधी हाताने पाणी तपासा. फार गरम पाण्यात जास्त वेळ बसल्यास चक्कर येऊ शकते. गरोदर महिला आणि हृदयरोग असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नये. डोकं बुडवू नका आणि नाकात पाणी जाऊ देऊ नका. कोमट गोड्या पाण्यात नेग्लेरिया हा अमिबा वाढू शकतो. तो नाकावाटे मेंदूपर्यंत गेला तर बहुतेक वेळा जिवावर बेततं. असे रुग्ण दुर्मीळ आहेत, पण केरळमध्ये आढळले आहेत.

अशा पाण्याने त्वचारोग बरे होतात असं लोक मानतात. श्रद्धा असू द्या, पण औषध बंद करू नका. साबण, शाम्पू पाण्यात नको.

आणि विचारल्यावर 'सध्या बंद आहे' असं उत्तर आलं, तर परत फिरा. झरा कुठे जात नाही. पण पाहुण्यांनी घाण केली, शेत तुडवलं, तर वाट गावकऱ्यांसाठीही बंद होऊ शकते.