तीन पायांचा बायसन

जुन्या नाण्यांच्या दुनियेत एक गंमत आहे, मंडळी. आपटून, घासून नाणं बिघडलं तर त्याची किंमत घटते. पण तेच टांकसाळीतूनच बिघडून बाहेर पडलं असेल तर किंमत भलतीच वाढते! मग साहजिकच काही हुशार लोक धडधाकट नाणं घरी बसून बिघडवतात. ओळखायचं कसं?

माझं आवडतं उदाहरण म्हणजे अमेरिकेचं १९३७ सालचं पाच सेंटचं नाणं, बफेलो निकेल. मागच्या बाजूला बायसन उभा, आणि खाली डेन्व्हर टांकसाळीचं 'डी' हे अक्षर. तर झालं असं, की तिथे एक डाय, म्हणजे ठसा, पॉलिश करताना कुणीतरी जरा जास्तच घासला. त्यातून निघालेल्या बायसनचा पुढचा एक पाय गायब! खूर मात्र जागच्या जागी. या नाण्याला साध्या नाण्याच्या कित्येक पट भाव मिळतो. त्यामुळे साध्या नाण्यावरचा पाय खरवडून काढणारेही पैदा झाले.

आता जरा डोकं चालवू. डाय म्हणजे नाण्याची उलटी प्रत. नाण्यावर जे उठावदार, ते डायवर खोल. डायचा सपाट भाग घासला की उथळ खड्डे नाहीसे होतात. पायाचा खड्डा तसाच गेला. उलट डायवर नको तिथे खड्डा पडला, तर नाण्यावर तिथे उंचवटा येतो. खऱ्या तीनपायी बायसनच्या पोटाखालून जमिनीपर्यंत अशा बारीक उठावदार ठिपक्यांची ओळ दिसते. (कलेक्टर लोक त्यावरून बायसनला जे नाव देतात ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही!) मागचा पायही कसर लागल्यासारखा कुरतडलेला असतो. सगळी नाणी एकाच डायची, म्हणून खुणाही सगळ्यांवर सारख्याच.

खरवडणाऱ्याची पंचाईत होते ती इथे. हत्याराने धातू काढता येतो, उगवता येत नाही. भिंगाखाली ओरखडे दिसतात, पायाच्या जागी खळगा असतो आणि ठिपक्यांचा पत्ता नसतो. मी तर पाय बघायच्या आधी ठिपकेच शोधीन.

आपल्या शिवराईला मात्र हे तर्कट लावू नका हं. ती हाताने ठोकून पाडलेली. ठसा मोठा, तांब्याचा तुकडा लहान. त्यामुळे 'श्री राजा शिव' मधली अक्षरं काठाबाहेर गेलेली सर्रास सापडतात. कुणी त्याला 'एरर' म्हणून जादा पैसे मागितले, तर सरळ पुढच्या टपरीकडे वळा.