पाण्याखालची वाट, पाण्यावरची वाट



माहेरी निघालो की आपण विचारतो, एसटी किती वाजता आहे? कोयनेच्या खोऱ्यातल्या बायका मात्र वर्षानुवर्षं विचारत आल्या, लाँच किती वाजता आहे? हा प्रश्न त्यांच्या वाट्याला कसा आला, ते आज आम्ही सांगणार आहोत.

कोयना महाबळेश्वरला उगम पावते. बाकीच्या नद्यांसारखी लगेच पूर्वेला न जाता ती डोंगरांच्या दोन रांगांमधून सरळ दक्षिणेला हेळवाकपर्यंत जाते, तिथे वळते आणि कराडला कृष्णेला मिळते. हेळवाकच्या वरचं हे खोरं लांबट आणि अरुंद. सपाट जमीन काय ती नदीकाठची. म्हणून भाताची खाचरं तिथेच, गावठाण तिथेच आणि गावाला गाव जोडणारी वाटही तिथूनच. उतारावर नाचणी आणि वरी. हातलोटसारख्या घाटवाटांनी माणसं कोकणात उतरायची.

१९५० नंतरच्या दशकात हेळवाकजवळ धरणाचं काम सुरू झालं. भिंत १०३ मीटर उंच. १९६२ साली पोफळीला वीज तयार होऊ लागली. पाणी मागे पन्नासएक किलोमीटर, थेट तापोळ्यापर्यंत पसरलं. त्याला शिवसागर म्हणतात.

आता नकाशा डोळ्यांपुढे आणा. पाणी आधी खोऱ्याचा तळ भरतं, आणि वाट तर तळातूनच जात होती. म्हणजे जमीन गेली, घरं गेली, त्यांच्यासोबत शेजारही तुटला. कित्येक कुटुंबं दूरच्या जिल्ह्यांत गेली. काही गावं तिथेच डोंगरावर वर सरकली. पूर्वेच्या काठावर बामणोलीला साताऱ्याहून आणि तापोळ्याला महाबळेश्वरहून रस्ता आला. पण पश्चिमेचं कांदाटी खोरं एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला सह्याद्रीचा कडा, असं मधे अडकलं. डॉक्टर, बाजार, कचेरी सगळं पलीकडच्या काठावर. म्हणून लाँच हाच रस्ता झाला. गाड्या न्यायला तराफा आला.

पाण्यावरचा रस्ता मात्र वर्षभर एका जागी राहत नाही. पावसाळ्यात वारा आणि लाटा उसळल्या की लाँच थांबते. उन्हाळ्यात पाणी आटून खाली जातं, धक्का कोरडा पडतो आणि गाळ तुडवत काठ गाठावा लागतो. डोक्यावर ओझं, कडेवर पोर, किंवा पोटात नववा महिना असेल, तर तेवढी चाल म्हणजे काय, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

त्यातच ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे मोठा भूकंप झाला. कोयनानगर उद्ध्वस्त झालं, पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. पुढे १९८५ साली कोयना अभयारण्य झालं. जंगल राखायलाच हवं, पण त्यामुळे अभयारण्यातल्या गावांना साध्या रस्त्यालाही वनखात्याची परवानगी लागू लागली. पुरुष कामाला मुंबईत आणि घर, गुरं, नाचणी सांभाळायला मागे बायका, अशी घरं वाढली.

विस्थापितांसाठी राज्याचा पुनर्वसन कायदा १९७६ चा. कोयनेचं पाणी त्याच्या किती तरी आधी भरलेलं. आज धरणग्रस्तांची तिसरी पिढी जमिनीसाठी कागद घेऊन फिरते आहे. आणि कागदावर बहुतेक करून नाव बाप्याचं. खाचरात वाकून लावणी करणारीचं नाव सातबाऱ्यावर नव्हतंच, त्यामुळे तिचं काय गेलं याची नोंदही कुठे झाली नाही.

कोयनेची वीज १,९६० मेगावॅट. आपल्या घरातला दिवा लागतो, पीठगिरणी फिरते, त्यात तिचाही वाटा आहे. तापोळा ते अहीर पुलाचं काम हाती घेतलं गेलं, ही चांगली गोष्ट. पण तो दिवा लावताना, वाट कुणाची बुडाली हेही आपल्याला ठाऊक असावं.

तर बायांनो, तुमच्याही गावाजवळ तलाव असेल, धरण असेल. येत्या बैठकीत गटातल्या सगळ्यात वयस्कर आजीला मधे बसवा. पाणी येण्याआधी बाजाराची वाट कुठून जात होती, देऊळ कुठे होतं, कोण कुठे गेलं, विचारा. जमिनीवर रांगोळीने नकाशा काढा, मग तो वहीत उतरवा. महिला ग्रामसभेत रस्ता मागायची वेळ येईल तेव्हा ती वही हाताशी असू द्या. जुनी वाट ज्यांनी पाहिली, त्या आजी आहेत तोवरच हे होईल.