एका देहातल्या दोघी

आमच्या आखाडा बाळापूरच्या पोरांना दुभंगलेल्या व्यक्तिमत्त्वावर चित्रपट लिहायचा म्हटलं, की आधी खूनच सुचतो! मी त्यांना नागपूरची हकीकत सांगतो. १९७४ साली तिथली एक मराठी बाई एकाएकी बंगाली बोलू लागली. नाव सांगे शारदा. वागणं दीडशे वर्षांपूर्वीच्या बंगाली सुनेचं. आईवडिलांना ती ओळखेना, मराठी तिला कळेना. काही दिवसांनी पूर्ववत होई, तेव्हा मधलं फारसं आठवत नसे. अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ इयान स्टीव्हन्सन यांनी १९८४च्या पुस्तकात यात पुनर्जन्माची शक्यता मांडली. बाई पूर्वी थोडं बंगाली वाचायला शिकल्या होत्या, हेही त्यांनीच नोंदवलं. मला पुनर्जन्म पटत नाही. पोरांना म्हणतो, आईच्या बाजूनं लिहा. लेक भानावर आली, की मधल्या दिवसांचं तिला काय सांगायचं?