अध्यक्ष कोणास करावे?

मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद कोणास द्यावे, हा वाद आमच्या साहित्यसृष्टीत दरसाल पावसाळ्याबरोबर उगवतो आणि संमेलनाचा मांडव उतरला की मावळतो. पुढच्या वर्षी तो पुन्हा उगवतो तेव्हा मागील वर्षी काय बोलले गेले याचे कोणास स्मरण नसते. आम्ही आज हा विषय घेतला आहे तो कोणा एका उमेदवाराचा कैवार घेण्यासाठी नव्हे. अध्यक्ष ठरविताना आपण नेमके काय ठरवीत असतो, हे पाहावे एवढाच आमचा हेतू आहे. त्यासाठी यवतमाळ जिल्ह्याचा दाखला आम्हांस सर्वांत सोयीचा वाटतो. या जिल्ह्याने संमेलनास १९२८ साली एक अध्यक्ष दिला, १९७३ साली एका अध्यक्षाचे स्वागत केले, आणि २०१९ साली अध्यक्ष ठरविण्याची रीतच बदललेली पाहिली.

आरंभी मतदानाचा प्रश्न नव्हता. १८७८ साली पुण्यास न्यायमूर्ती रानडे व लोकहितवादी यांच्या पुढाकाराने ग्रंथकारांचे पहिले संमेलन भरले व अध्यक्षस्थानी रानडेच बसले. तेथे दुसरे कोण बसणार होते? १८८५ च्या दुसऱ्या सभेचे निमंत्रण मात्र जोतीराव फुल्यांनी नाकारले. जे लोक सर्व मनुष्यांचे हक्क मनापासून मानीत नाहीत त्यांच्या सभेशी आमचा मेळ बसावयाचा नाही, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. अध्यक्ष कोण, याच्या आधी सभा कोणाची, हा प्रश्न जोतीरावांनी तेव्हाच विचारून ठेवला. पुढे अध्यक्षपदावरून झालेल्या प्रत्येक भांडणाच्या तळाशी हाच प्रश्न आहे, असे आम्हांस वाटते.

आता १९२८ कडे वळू. त्या साली ग्वाल्हेरच्या संमेलनाचे अध्यक्ष माधव श्रीहरी अणे होते. त्यांचा जन्म १८८० साली यवतमाळ जिल्ह्यातील वणी येथे झाला. यवतमाळला त्यांनी वकिली केली आणि टिळकांचे अनुयायी म्हणून सारे वऱ्हाड त्यांना ओळखत होते. त्यांच्या आदल्या वर्षी पुण्यास श्रीपाद कृष्ण कोल्हटकर अध्यक्ष होते. तेही वऱ्हाडातले वकीलच. म्हणजे लागोपाठ दोन वर्षे वऱ्हाडच्या वकिलांकडे हा मान गेला. परंतु दोघांत केवढे अंतर! कोल्हटकरांनी नाटक व विनोद यांत एक संप्रदाय निर्माण केला होता. गडकऱ्यांसारखा लेखक त्यांना गुरू मानीत असे. अण्यांच्या नावावर त्या वेळी तशी ग्रंथसंपदा नव्हती. ज्या वर्षी ते ग्वाल्हेरला गेले त्याच वर्षी हिंदुस्थानच्या राज्यघटनेचा मसुदा करणाऱ्या मोतीलाल नेहरूंच्या समितीत तेजबहादूर सप्रू, सुभाषचंद्र बोस आदिकरून मंडळींबरोबर ते सभासद होते. दोन वर्षांनी, १० जुलै १९३० रोजी, पुसदच्या जंगलात गवत कापून त्यांनी कायदेभंग केला व तुरुंगात गेले.

अशा पुरुषास साहित्य संमेलनाने का बोलावले? ‘त्या काळी राजकारण्यांचा वरचष्मा होता’ असे उत्तर देऊन मोकळे होणे सोपे आहे, आणि ते अगदीच खोटेही नाही. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड १९३२ साली व औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी १९३५ साली अध्यक्ष झाले. तेथे संस्थानिकांच्या औदार्याविषयीची कृतज्ञता होती, हे उघड आहे. अण्यांपाशी मात्र संस्थान नव्हते, आणि संमेलनाला देण्यासारखा खजिनाही नव्हता. ज्यांनी त्यांना मान दिला त्यांच्या मनात, आमच्या समजुतीने, भाषा ही केवळ पुस्तकांत राहणारी वस्तू नव्हती. कोर्टात, सभेत व कायदेमंडळात जो मराठी माणूस विचार मांडतो तोही भाषेचा चाकर होय, ही ती दृष्टी. ती दृष्टी आज आम्हांस पुरी पटते असे नाही. पण ती क्षुद्र नव्हती. पुढे काळानेही एक गंमत केली. बापूजींनी उतारवयात टिळकांच्या चरित्रावर ‘श्रीतिलकयशोर्णव’ हे संस्कृत महाकाव्य रचले आणि त्याला साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले ते त्यांच्या निधनानंतर पाच वर्षांनी, १९७३ साली. त्याच १९७३ साली त्यांच्या यवतमाळात संमेलन भरत होते!

त्या संमेलनाचे अध्यक्ष ग. दि. माडगूळकर होते. १९५५ व ५६ साली पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायण’ आठवड्यास एक याप्रमाणे वर्षभर ऐकल्यावर महाराष्ट्रात असे घर क्वचितच उरले की जेथे त्यांचे नाव पोहोचले नाही. तरीही चित्रपटासाठी गाणी लिहिणाऱ्या माणसाला कवींच्या पंक्तीत कोणते पान मांडावे, याविषयी नाके मुरडणारे रसिक होतेच, आजही आहेत. यवतमाळचे संमेलन त्यांच्या शंकेची वाट पाहत बसले नाही. अण्यांच्या वेळी सार्वजनिक कार्याने ग्रंथावर मात केली होती. येथे कानांनी समीक्षेवर केली.

दरम्यान संमेलनाचा कारभार बदलला होता. १९६१ साली पुण्याची महाराष्ट्र साहित्य परिषद, मुंबई मराठी साहित्य संघ, विदर्भ साहित्य संघ व मराठवाडा साहित्य परिषद यांनी मिळून अखिल भारतीय महामंडळ स्थापिले. पुढे जी निवडणुकीची पद्धत रूढ झाली ती वाचकांपैकी अनेकांस ठाऊक नसेल. उमेदवारास एक सूचक व काही अनुमोदक लागत. मतदार म्हणजे मराठी वाचणारी जनता नव्हे. घटक संस्थांनी पाठविलेले सभासद, बृहन्महाराष्ट्रातील संस्थांचे प्रतिनिधी, ज्या गावी संमेलन त्या गावचे निमंत्रक मंडळ व माजी अध्यक्ष, असे सारे मिळून शेवटच्या काळात सुमारे एक हजार. मतपत्रिका टपालाने घरी येई व भरून टपालानेच परत जाई. एवढ्या लहान मतदारसंघात काय होते, हे सांगावयास राज्यशास्त्राचा पंडित नको. उमेदवार गावोगाव हिंडत, मतदारांच्या घरी जात, संस्थांच्या चालकांना भेटत. कोऱ्या मतपत्रिका गठ्ठ्यांनी गोळा केल्या जातात, असा आक्षेपही वारंवार ऐकू येई.

येथे आम्हांस आमचीही गोष्ट सांगितली पाहिजे, नाही तर दुसऱ्यास दोष देण्याचा अधिकार आम्हांस पोहोचत नाही. काही वर्षांपूर्वी एका संस्थेच्या कृपेने आम्ही या निवडणुकीचे मतदार झालो. दोन उमेदवारांत आमचे मन घोटाळत होते. एकाची पुस्तके आम्ही तरुणपणापासून वाचली होती. त्यांनी पत्र पाठविले नाही, फोन केला नाही, काही नाही. दुसरे गृहस्थ उन्हातान्हातून आमच्या घरी आले, चहा घेतला, वडिलांच्या प्रकृतीची चौकशी केली, आपले एक पुस्तक सही करून दिले. आम्ही मत दिले ते दुसऱ्यांना. ते पुस्तक आम्ही मत टपालात टाकल्यानंतर वाचले. वाईट नव्हते. परंतु ज्याने आमच्या दाराशी येण्याचे नाकारले त्यास आम्ही त्याच कारणासाठी नाकारले, हे तेव्हा ध्यानात आले आणि ते अजून सलते.

जे आम्ही एकट्याने केले ते पुष्कळांनी मिळून केले की काय होते, याचे उदाहरण म्हणून १९९२ च्या कोल्हापूर संमेलनाची आठवण काढली जाते. त्या निवडणुकीत इंदिरा संत पराभूत झाल्या व रमेश मंत्री अध्यक्ष झाले. मंत्री हे लोकप्रिय विनोदी लेखक होते व त्यांना उभे राहण्याचा पूर्ण हक्क होता. त्यांच्या विजयाची थट्टा करणे आम्हांस कधीच आवडले नाही. दोष मोजमापाचा होता. ‘शेला’, ‘मेंदी’, ‘मृगजळ’, ‘गर्भरेशीम’ लिहिणाऱ्या कवयित्रीस किती मते पडली, हा आकडा तिच्या कवितेविषयी काहीच सांगत नव्हता, आणि तरी लोकांनी तो तसा वाचला. विंदा करंदीकर, विजय तेंडुलकर यांच्यासारखे लेखक या वाटेस गेलेच नाहीत. ज्या पदावर मराठीतील पहिल्या प्रतीचे लेखक असावेत, त्या पदाच्या उंबऱ्याशीच त्यांपैकी अनेक थबकत, ही त्या पद्धतीची खरी किंमत होती. स्त्रियांची गोष्ट तर आकड्यांतच पाहावी. पहिल्या ९१ संमेलनांत अध्यक्षा झाल्या त्या चार: १९६१ साली ग्वाल्हेरला कुसुमावती देशपांडे, १९७५ साली कऱ्हाडला दुर्गा भागवत, १९९६ साली आळंदीस शांता शेळके, २००१ साली इंदूरला विजया राजाध्यक्ष.

मतदानाच्या बाजूने एक युक्तिवाद नेहमी केला जाई, आणि तो आम्हांसही वजनदार वाटे. तो असा की, निवडून आलेल्या अध्यक्षामागे मतांचे बळ असते. प्रसंग पडला तर तो कोणाच्या मेहेरबानीने बोलत नाही. या युक्तिवादाची परीक्षा २००९ साली महाबळेश्वरला झाली. आनंद यादव रीतसर निवडून आले होते. त्यांच्या तुकोबांवरील कादंबरीस वारकरी मंडळींनी आक्षेप घेतला, आणि संमेलनापूर्वीच त्यांस राजीनामा द्यावा लागला. संमेलन अध्यक्षावाचून भरले. तो मतांचा ढीग त्या दिवशी त्यांच्या पाठीशी उभा राहिला नाही.

२०१८ साली महामंडळाचे कार्यालय नागपुरास विदर्भ साहित्य संघाकडे असताना घटनेत दुरुस्ती झाली व निवडणूक बंद झाली. संस्थांनी नावे सुचवावीत व महामंडळाच्या बैठकीत एक नाव ठरवावे, अशी नवी रीत पडली. तिचा पहिला प्रयोग यवतमाळच्या वाट्यास आला. ऑक्टोबर २०१८ मध्ये ९२ व्या संमेलनासाठी अरुणा ढेरे यांचे नाव जाहीर झाले, आणि मतभेदाची सवय लागलेल्या आमच्या साहित्यविश्वात त्या नावाचे जवळजवळ सर्वत्र स्वागत झाले. कविता, लोकसाहित्य व संशोधन या तिन्ही क्षेत्रांत काम केलेल्या या लेखिकेने दारोदार हिंडून मते मागितली असती, अशी कल्पनाही करवत नाही.

पण यवतमाळला दुसरीच परीक्षा वाढून ठेवली होती. उद्घाटनासाठी नयनतारा सहगल यांस निमंत्रण गेले होते. मराठीच्या उत्सवास इंग्रजीत लिहिणारी लेखिका कशाला, असा आक्षेप उठला, संमेलन उधळण्याची भाषा झाली, आणि संमेलनास थोडे दिवस उरले असता निमंत्रण मागे घेतले गेले. ज्यांच्या वडिलांनी, रणजित पंडितांनी, कल्हणाची ‘राजतरंगिणी’ इंग्रजीत आणली त्या मराठी घराण्यातल्या बाईस मराठी मांडवाच्या दारातून परत पाठविले गेले, हे आक्षेप घेणाऱ्यांच्या गावीही नसावे. अनेक निमंत्रितांनी येण्याचे नाकारले. महामंडळाचे अध्यक्ष श्रीपाद भालचंद्र जोशी यांनी पद सोडले.

अशा वेळी संमेलनाध्यक्षाने काय करावे? न जाणे हाही एक निषेध झाला असता. अरुणाबाई गेल्या, आणि ११ जानेवारी २०१९ रोजी अध्यक्षपदावरून निमंत्रण मागे घेण्याची गोष्ट अनुचित होती असे त्यांनी स्पष्ट सांगितले. मावळते अध्यक्ष लक्ष्मीकांत देशमुख हे मतदानाने निवडून आलेले शेवटचे अध्यक्ष. तेही त्याच व्यासपीठावरून तितकेच परखड बोलले. म्हणजे निवडून आलेला व निवडलेली, दोघेही बोलले! यावरून मतदान बरे की निवड बरी याचा निकाल लागत नाही, हे आम्हांस कबूल आहे. कऱ्हाडला आणीबाणीत दुर्गाबाईंनी जे धैर्य दाखविले ते कोणत्या मतपत्रिकेवर छापलेले होते? मत देणाऱ्याने अथवा नाव सुचविणाऱ्याने पुस्तके पाहावीत हे खरेच. पण त्या माणसाने अडचणीच्या वेळी यापूर्वी काय केले, हेही पाहावे. आमच्या दारी चहा घेणाऱ्या गृहस्थांविषयी हा प्रश्न आम्ही स्वतःस विचारला नव्हता.

नव्या रीतीचे सारेच गोड आहे असे मात्र नाही. २०२१ साली नाशिकच्या संमेलनास जयंत नारळीकर लाभले, २०२५ साली दिल्लीस तारा भवाळकर लाभल्या. सात वर्षांत दोन स्त्रिया अध्यक्ष झाल्या. बडोद्याच्या निवडणुकीत २०१७ साली हरलेले रवींद्र शोभणे २०२४ साली अमळनेरला सन्मानाने अध्यक्ष झाले, यात एका रीतीने दुसरीची चूक दुरुस्त केली असे कोणी म्हणेल. परंतु पूर्वी हरणाऱ्याचे नाव तरी जगास कळे. आता बंद दाराआड कोणाची नावे आली, कोणाची का गळली, हे कळण्यास मार्ग नाही. हजार मतदारांना भेटावे लागे त्याऐवजी पंधरा-वीस जणांची मर्जी राखावी लागेल, ही भीती निराधार नव्हे. महामंडळाने निवडलेल्या नावाबरोबर निवडीची कारणेही लेखी प्रसिद्ध केली तर ती पुष्कळ कमी होईल. एखाद्या परीक्षकाने निकाल द्यावा व शेरा देऊ नये, तसे आज चालले आहे.

यवतमाळच्या त्या संमेलनाचे उद्घाटन अखेर कोणी केले? आत्महत्या केलेल्या एका शेतकऱ्याच्या पत्नीने, याच जिल्ह्यातल्या वैशाली येडे यांनी. अडचणीतून सुटण्यासाठी केलेली ही योजना आहे, असा संशय पुष्कळांस आला, आम्हांसही आला. पण बाई उभ्या राहिल्या आणि कापसाच्या भावाविषयी, मागे राहिलेल्या बायकांच्या जगण्याविषयी अशा साध्या, रोकड्या वऱ्हाडी बोलीत बोलल्या की मांडव स्तब्ध झाला. तीन महिन्यांनी, एप्रिल २०१९ मध्ये, त्याच बाई यवतमाळ-वाशीम मतदारसंघातून लोकसभेच्या उमेदवार म्हणून उभ्या होत्या व गावोगाव मते मागत फिरत होत्या. त्या निवडून आल्या नाहीत.